आरशाचा कॅमेरा आणि जुन्याचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुनी वस्तू विकत घेण्याबाबत आपल्या घराघरांत काही अलिखित नियम असतात. जुनं पुस्तक चालतं. जुनं सोनं तर चालतंच. ओळखीच्या माणसाची असेल तर जुनी स्कूटरही चालते. जुनी गादी मात्र कोणी घरात घेत नाही. या यादीत कॅमेरा कुठे बसवायचा?

हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांत निघतो आहे. मुंबईत फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत, पुण्यात आणि आता जिल्ह्याच्या गावीसुद्धा वापरलेले डिजिटल एसएलआर कॅमेरे कपाटात मांडून ठेवलेले दिसतात. पंधरा-अठरा वर्षांपूर्वी जे घ्यायला नोकरदार माणसाला कित्येक महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा लागला असता, ते आज साध्या मोबाइलच्या किमतीत मिळतात. कोणाच्या मुलाला फोटोग्राफी शिकायची असते, कोणाला निवृत्तीनंतर पक्षी टिपायचे असतात. दुकानदार म्हणतो, घेऊन टाका. घरचे म्हणतात, खिशात मोबाइल आहे तो काय वाईट आहे? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं आणि घेणारा मधल्या मध्ये अडकतो.

मीही काही महिने असाच अडकलो होतो. माझी गरज थोडी वेगळी होती. मी कविता लिहिणारा माणूस. सतराव्या शतकात श्रीगोंद्याला होऊन गेलेले संतकवी शेख महंमद हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मराठीत लिहिणाऱ्या कोणाही मुसलमान कवीला हे घराणं आपलं वाटणारच. नगर जिल्ह्यातल्या एका घरी अभंगांची एक जुनी हस्तलिखित वही आहे. त्यात इतर संतांबरोबर शेख महंमदांचेही अभंग आहेत. पानं २१२. कागद तपकिरी पडलेला, कडा चुरगळणाऱ्या, मधून मधून कसरीनं पाडलेली भोकं. घरच्यांची एकच अट आहे, वही उंबऱ्याबाहेर जाणार नाही. स्कॅनरवर उलटी दाबून धरली तर बांधणी तुटेल. म्हणजे वरून फोटो काढणं एवढाच मार्ग उरतो. मोबाइलवर काढून पाहिले. वाचायला ते छान दिसतात, पण माझी अडचण अनुस्वाराची आहे. तो ठिपका शाईचा, डागाचा की कसरीच्या भोकाचा, हे फोटोत कळत नाही. अंधाऱ्या माजघरात काढलेला फोटो मोबाइल स्वतःच्या बुद्धीनं गुळगुळीत करतो आणि त्या सफाईत फिकट ठिपके पुसट होतात. 'पथ' की 'पंथ', 'मद' की 'मंद', हा फरक एका ठिपक्याचा असतो आणि अभंगात दोन्हींचा अर्थ लागू शकतो.

म्हणून वापरलेल्या एसएलआरची चौकशी सुरू केली. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामू, आता कशाला घेता? आरसा गेला आता." त्या एका वाक्यानं मी या कॅमेऱ्याच्या इतिहासात शिरलो. हा आरसा आला कुठून आणि गेला कुठे, हे कळलं की जुना कॅमेरा घ्यावा की नाही याचं उत्तर बरंचसं हाती लागतं.

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असेल, तर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. हे फार पूर्वीपासून लोकांना माहीत होतं. त्याचा बारकाईनं अभ्यास केला तो बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल् हैसम यांनी. दहाव्या-अकराव्या शतकातला हा विद्वान. प्रकाश डोळ्यातून वस्तूकडे जात नाही, तो वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी आपल्या 'किताब अल् मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांच्या आधारानं मांडलं. पुढे त्या अंधाऱ्या खोलीची पेटी झाली, छिद्राच्या जागी भिंग आलं. सतराव्या शतकात काही पेट्यांमध्ये तिरपा आरसा बसवला गेला. त्यामुळे प्रतिमा वरच्या काचेवर पडू लागली आणि चित्रकाराला ती कागदावर गिरवता येऊ लागली. म्हणजे फोटोग्राफीचा जन्म होण्याआधीच आरसा पेटीत येऊन बसला होता.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर यांची आणि इंग्लंडमध्ये टॉल्बट यांची, अशा छायाचित्रणाच्या दोन रीती जगापुढे आल्या. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत एक पंचाईत होती. आधी मागच्या काचेवर दृश्य पाहायचं, मग ती काच काढून तिथे प्लेट बसवायची. प्लेट बसली की छायाचित्रकार आंधळा. १८६१ मध्ये इंग्लंडच्या टॉमस सटन यांनी यावर आरशाच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. एकाच भिंगातून पाहायचं आणि त्याच भिंगातून टिपायचं. 'सिंगल लेन्स रिफ्लेक्स', म्हणजे एसएलआर, या नावाचा अर्थ एवढाच आहे. भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळून डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा बाजूला होतो, मागचा पडदा उघडतो आणि तोच प्रकाश प्लेटवर किंवा रोलवर पडतो. त्या पडद्याला आपण शटर म्हणतो.

ही कल्पना हातात मावायला पंचाहत्तर वर्षं लागली. १९३६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात ३५ मिलिमीटरच्या रोलवर चालणारा एक्झाक्टा हा एसएलआर आला. दृश्य सरळ दिसावं म्हणून वर पंचकोनी लोलक बसवलेला कॉन्टॅक्स १९४९ मध्ये आला. बटण दाबल्यावर वर गेलेला आरसा आपोआप खाली येण्याची सोय जपानच्या असाही कंपनीनं १९५४ मध्ये आपल्या कॅमेऱ्यात दिली. त्याआधी बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो काढला की डोळ्यापुढे अंधार व्हायचा आणि पुढचा रोल सरकवल्यावरच पुन्हा दिसायचं. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि जगभरच्या वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो उचलला. त्या कॅमेऱ्याचं भिंग ज्या कड्यात बसायचं, ते 'एफ' कडं कंपनीनं पुढे साठ वर्षांहून अधिक काळ बदललं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, जुन्याचा हिशेब करताना ती उपयोगी पडणार आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या अशा संस्था दोन वर्षांनंतरच्या. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या मंडळींना या नव्या विद्येची गोडी लागलेली होती. त्याच सुमारास मुंबई सरकारनं ठरवलं की विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या जुन्या इमारतींची छायाचित्रं काढून ठेवायची. १८५५ मध्ये हे काम तोफखान्यातले अधिकारी टॉमस बिग्ज यांच्याकडे आलं. त्यांच्यानंतर ते डॉ. पिगू यांनी चालवलं. या चित्रांचा 'आर्किटेक्चर ॲट बीजापूर' हा ग्रंथ १८६६ मध्ये लंडनमध्ये छापला गेला.

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या बिग्ज साहेबांकडे मिळालं. त्यांनी विजापूरची चित्रं काढली ती कागदाच्या निगेटिव्हवर. ही टॉल्बट यांची रीत, १८४१ मध्ये पेटंट झालेली. १८५१ मध्ये इंग्लंडच्या आर्चर यांनी काचेवर ओला कलोडियन लावण्याची नवी रीत जाहीर केली होती. तिच्यात चित्र कितीतरी स्वच्छ यायचं. म्हणजे बिग्ज बैलगाडीत सामान चढवत होते तेव्हा त्यांची रीत जुनी ठरू लागली होती. पण काचेची रीत किती कटकटीची होती ते पाहा. काचेला द्रव लावायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि द्रव वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. विजापूरच्या उन्हात ही पंधरा मिनिटंसुद्धा मिळणं कठीण. त्यात जड काचा आणि खडबडीत रस्ते. कागद मात्र मुक्कामावर आधी तयार करून ठेवता यायचा, फोटो काढून झाल्यावर सवडीनं धुता यायचा आणि वाटेत फुटायचा नाही. कागदाच्या तंतूंमुळे चित्र थोडं मऊ यायचं, तेवढी किंमत मोजायची. इमारत काही हलत नव्हती, त्यामुळे वेळ जास्त लागला तरी बिघडत नव्हतं. कामाला काय लागतं आणि काय लागत नाही, एवढाच विचार इथे दिसतो.

विसाव्या शतकात रोल आला आणि छायाचित्रण सामान्य माणसाच्या हाती आलं. तरीही चांगला कॅमेरा आपल्याकडे दुर्मीळच राहिला. आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती. मध्यमवर्गाचा कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री, पुढे ऐंशीच्या दशकात हॉट शॉट. एसएलआर हवा असेल तर तो परदेशातून येणाऱ्या माणसाकडूनच मिळायचा. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या भागातल्या मुसलमान घरांतली पुरुषमंडळी सत्तरच्या दशकापासून मोठ्या संख्येनं आखातात कामाला जाऊ लागली. सुट्टीवर येताना कोणाच्या बॅगेत टेपरेकॉर्डर असायचा, कोणाच्या बॅगेत याशिका कॅमेरा. तो कॅमेरा घरातल्या दोन-तीन लग्नांत मिरवायचा. परतीचं तिकीट काढायची वेळ आली की हळूच तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडे जायचा. स्टुडिओवाल्याला नवा कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता आणि उघड बाजारात सहज मिळतही नव्हता. आमच्या कोकणातल्या कितीतरी लग्नांचे, मुंजींचे, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो अशा दुसऱ्या हाताच्या कॅमेऱ्यांनी काढलेले आहेत. आयातीवरचे उरलेसुरले संख्येचे निर्बंध २००१ मध्ये उठले. तोवर वापरलेला कॅमेरा घेणं ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट नव्हती, ती रीतच होती.

ही रीत चालली यामागे एक तांत्रिक कारण होतं. रोलचा कॅमेरा म्हणजे मुळात एक रिकामी पेटी. तिच्यात भिंग, शटर, आरसा आणि चाकं. चित्र उमटायचं ते रोलवर आणि रोल दर वेळी नवा. १९६० सालच्या कॅमेऱ्यात १९९५ सालचा रोल घातला की त्या पेटीला १९९५ सालची नजर यायची. कंपन्या रोल सुधारत गेल्या, त्याचा फायदा जुन्या कॅमेऱ्यांना फुकटात मिळत गेला. काही बिघडलंच तर घड्याळजीसारखा बारीक हाताचा कारागीर ते दुरुस्त करायचा, स्प्रिंग बदलायचा, तेल घालायचा. पेंटॅक्स के १००० हा साधा यांत्रिक एसएलआर १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं जवळजवळ न बदलता विकला गेला, यावरून ते युग किती संथ होतं हे लक्षात येईल.

डिजिटल कॅमेऱ्यानं नेमकं हेच बदललं. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्रात बिंदू फक्त दहा हजार. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. १९९१ मध्ये कोडॅकनं निकॉनच्या एफ ३ या रोलच्या कॅमेऱ्यालाच सेन्सर जोडून विकायला काढलं. तो १.३ मेगापिक्सेलचा होता, म्हणजे एका चित्रात तेरा लाख बिंदू. चित्रं साठवायचं खोकं वेगळं, ते खांद्याला अडकवायचं. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. १९९९ मध्ये निकॉनचा डी १ आला, २.७ मेगापिक्सेलचा, सहा हजार डॉलरच्या आतला. वृत्तपत्रांनी तो घेतला आणि डार्करूम बंद पडू लागल्या. २००३ मध्ये कॅननचा ३०० डी आला, ६.३ मेगापिक्सेलचा, एक हजार डॉलरच्या आत. तेव्हापासून हौशी माणूस या बाजारात शिरला. २००८ मध्ये आलेल्या निकॉनच्या डी ९० मध्ये १२.३ मेगापिक्सेल होते आणि चलचित्रण करणारा तो पहिला डिजिटल एसएलआर. सतरा वर्षांत तेरा लाखांवरून सव्वा कोटीपर्यंत मजल गेली.

पण या शर्यतीत रोल कॅमेऱ्याच्या पोटात कायमचा जाऊन बसला. सेन्सर म्हणजे न बदलता येणारा रोल. २००८ सालचा कॅमेरा घेणाऱ्यानं २००८ सालचा रोल जन्मभरासाठी घेतलेला असतो. म्हणून रोलच्या कॅमेऱ्याला जुनेपणा हळूहळू येई, डिजिटल कॅमेऱ्याला तो झपाट्यानं येतो. भिंगाचं मात्र तसं नाही. काच होती तशीच काच आहे. चांगलं भिंग वीस-तीस वर्षांनीही चांगलंच राहतं. त्याचं कडं कंपनीनं बदललं नसेल तर ते नव्या बॉडीवरही चढतं. म्हणून वापरलेल्या बाजारात बॉडी स्वस्त होत जाते आणि चांगल्या भिंगाची किंमत त्यामानानं टिकून राहते. यातून पहिला नियम असा निघतो की आधी भिंग पाहावं आणि मग बॉडी.

आता भाच्याच्या त्या वाक्याकडे. आरसा गेला, म्हणजे काय? डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवर पडलेलं दृश्य थेट छोट्या पडद्यावर दाखवता येतं. मग आरसा हवा कशाला? २००८ मध्ये पॅनासोनिकनं आरसा काढलेला, पण भिंग बदलता येणारा कॅमेरा आणला. २०१३ मध्ये सोनीनं मोठ्या सेन्सरचे असे कॅमेरे आणले. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन्ही जुन्या घराण्यांनी मोठ्या सेन्सरच्या बिनआरशाच्या नव्या मालिका काढल्या आणि त्यांना नवं कडं दिलं. भिंगाचं कडं आणि सेन्सर यांच्यात निकॉनच्या जुन्या रचनेत आरशासाठी ४६.५ मिलिमीटर जागा सोडावी लागे, नव्या रचनेत १६ मिलिमीटर पुरतात. २०२० मध्ये जगभरात बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची संख्या एसएलआरच्या पुढे गेली. त्या सालानंतर निकॉन आणि कॅनन यांनी नवा एसएलआर आणलेला नाही. सटन यांच्या पेटंटपासून धरलं तर आरशाचं राज्य जवळजवळ १६० वर्षं चाललं.

जुन्या एसएलआरच्या स्वस्ताईचं मूळ इथे आहे. ते कॅमेरे बिघडले म्हणून स्वस्त झालेले नाहीत. लग्नाचं, बातमीचं, चलचित्रणाचं काम करणारे धंदेवाईक लोक नव्या वाटेला लागले, म्हणून त्यांचे जुने कॅमेरे एकदम बाजारात आले. घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही पर्वणी आहे, आणि सावध राहण्याची वेळही आहे. कारण धंद्यात वापरलेला कॅमेरा किती राबलेला आहे, हे वरून दिसत नाही.

यासाठी काय तपासायचं? सगळ्यात आधी शटर. तो खरोखरचा हलणारा पडदा आहे आणि हलणारी वस्तू झिजते. मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख वेळा, वरच्या दर्जाच्या काही कॅमेऱ्यांचं दीड लाख किंवा त्याहून जास्त वेळा उघडमीट करेल या बेतानं तपासलेलं असतं. वर्षाला चाळीस लग्नं आणि दर लग्नात अडीच हजार फोटो धरले, तर एक लाखाचा हिशेब एका वर्षात पुरा होतो. निकॉनचे कॅमेरे ही संख्या प्रत्येक फोटोच्या फायलीत नोंदवून ठेवतात. ताजा फोटो काढून संगणकावर ती पाहता येते. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती अशी सहज दिसत नाही. तिथे बटणांची झीज, पट्ट्याची कडी, पकडीचं रबर यांवरून अंदाज बांधावा लागतो.

दुसरं, सेन्सर. भिंगाचं छिद्र अगदी लहान करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या डागांसारखी उठून दिसते. मग भिंगावर झाकण ठेवून काही सेकंदांचा फोटो काढावा. मेलेले बिंदू रंगीत टिंबांसारखे चमकतात. धूळ साफ होते, मेलेले बिंदू तसेच राहतात. काही मॉडेलांचे दोष जगजाहीर असतात. निकॉनच्या २०१२ सालच्या डी ६०० मध्ये सेन्सरवर डाग पडण्याची तक्रार इतकी झाली की २०१४ मध्ये कंपनीनं ते काम मोफत करून देण्याचं जाहीर केलं. मॉडेल ठरवण्याआधी अशा गोष्टींची चौकशी करावी.

तिसरं, भिंग. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगाचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. भिंग दोन्ही बाजूंनी उघडून मागून बारीक विजेरी मारावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असलं तरी ते भिंग सोडून द्यावं. बुरशी काचेवरचा लेप खाते आणि एकदा तो गेला की भरून येत नाही.

चौथं, जोड जुळते का? निकॉनचं कडं साठ वर्षं तेच राहिलं, म्हणून कोणतंही भिंग कोणत्याही बॉडीवर चालेल असं मात्र नाही. काही जुन्या भिंगांत फोकस करणारी मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी ७० आणि डी ९० मध्ये ती आहे, २००६ च्या डी ४० मध्ये नाही. त्यावर असं भिंग चढतं, पण फोकस हातानं करावा लागतो. शेवटी बॅटरी, चार्जर आणि कार्ड. बॅटरी फुगलेली नसावी. डी ७० सारख्या कॅमेऱ्यांना जुन्या पद्धतीचं मोठं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं, ते आणि ते वाचणारं यंत्र मिळतं का हे आधी पाहावं. आणि नंबर लिहिलेलं बिल मागावं. चोरीचा माल आपल्या दारात नको.

हा सगळा हिशेब मी माझ्या वहीला लावून पाहिला. पानाची लांबी नऊ इंच. कडेला थोडी जागा सोडून दहा इंच फोटोत घेतले, तर १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ४२८८ बिंदू त्या दहा इंचांवर पसरतात. म्हणजे इंचाला सुमारे ४३०. एक मिलिमीटरचा अनुस्वार सतरा बिंदूंच्या रुंदीत बसतो. शाई कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, हे कळायला तेवढे पुरेसे आहेत. शिवाय या कॅमेऱ्यातून सेन्सरवर पडलेला कच्चा मजकूर जसाच्या तसा मिळतो, मोबाइलच्या बुद्धीचा हात त्याला लागत नाही. काही मोबाइलही आता कच्ची फाईल देतात, पण माजघरातल्या प्रकाशात मोठा सेन्सर आणि खरं भिंग यांचं पारडं जड राहतं. पानं २१२, प्रत्येकाचे तीन फोटो धरले तरी साडेसहाशेच्या आत. ज्या शटरमध्ये वीस हजार उघडमिटी उरल्या असतील, तेही मला पुरून उरेल. वही हलत नाही, त्यामुळे वेगवान फोकस नको, सेकंदाला दहा फोटो नकोत, चलचित्रणही नको. तिवई घट्ट हवी, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश हवा आणि जवळचं स्वच्छ दिसणारं भिंग हवं. बिग्ज साहेबांच्या कागदासारखाच हा हिशेब निघाला.

तेव्हा मी ठरवलं, घ्यायचा. २००८ सालचं १२ मेगापिक्सेलचं मॉडेल, बॉडी बारा हजार रुपयांना. जवळचे फोटो काढणाऱ्या भिंगाला त्याहून जास्त पैसे द्यायची तयारी ठेवली आहे. पुढेमागे बॉडी बंद पडली तरी भिंग राहील आणि मध्ये जोडकडं लावून ते बिनआरशाच्या कॅमेऱ्यावरही हातानं फोकस करून चालेल.

तुमचा हिशेब वेगळा निघेल. मुलाला शिकायचं असेल, तर जुना एसएलआर हा उत्तम मास्तर आहे. छिद्र, वेग आणि प्रकाश यांचं नातं त्याच्या बटणांवर बोटं फिरवतच कळतं, आणि चुकलेल्या फोटोला पैसे पडत नाहीत. लग्नाचा धंदा करायचा असेल, तर राबलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. सप्तपदी किंवा निकाह चालू असताना शटर अडकलं तर तो क्षण पुन्हा मांडता येत नाही. नातवंडांचे आणि सहलीचे फोटो एवढीच गरज असेल, तर घरच्यांचं ऐकावं, मोबाइल पुरेसा आहे. एक किलोचा कॅमेरा महिनाभर गळ्यात मिरवतो आणि मग कपाटात जातो. तिथे पावसाळ्यात बुरशी त्याची वाट पाहत असते.

बिग्ज आणि पिगू यांनी काढलेली विजापूरची चित्रं आजही पाहायला मिळतात. गोल घुमट, इब्राहिम रोजा, पावणेदोनशे वर्षांपूर्वी होते तसे. दगडावरची नक्षी थोडी मऊ दिसते, कागदाचे तंतू जाणवतात. त्या काळात याहून नवी रीत निघाली होती, हे आज मुद्दाम सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही. विजापूर मात्र त्यांत शाबूत आहे. आमच्या वहीची २१२ पानं तेवढी शाबूत राहिली, 'पंथ' वरचा ठिपका जागच्या जागी दिसला, तर माझे बारा हजार रुपये वसूल झाले असं मी म्हणेन.